गोधडीच्या पोटातली वेबसाइट

आमच्या घरात कापसाला स्वतंत्र खोली होती, मला नव्हती.

यात कापसाचा काही दोष नाही. त्या वर्षी भाव इतका पडला होता की माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, "देतच नाही जा!" असं जाहीर केलं आणि वेचलेला सगळा कापूस शेतातून आमच्या यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या घरात आणून भरला. आधी धान्याची खोली भरली. मग आमची झोपायची खोली भरली. आम्ही दोघं नवराबायको अंथरूण उचलून पुढच्या खोलीत आलो. (नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "कापसाले एकांत लागते, आमचं काय!") बाबा रोज सकाळी दार किलकिलं करून कापसाकडे बघायचे, तो वाढलाय की काय हे तपासल्यासारखे, आणि म्हणायचे, "भाव येऊ दे." भाव काही येत नव्हता. कापूस मात्र दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत यायला लागला होता. माझ्या चहात, केसात, कीबोर्डात, सगळीकडे पांढरे तंतू!

कीबोर्ड, कारण मी घरी बसून वेबसाइट बनवायची. यवतमाळात तेव्हा हे कुणाला सांगितलं की दोनच प्रश्न यायचे. पहिला, "म्हणजे झेरॉक्स का?" आणि दुसरा, "मग नोकरी कधी लागते?" माझ्या सासूबाईंनी स्वतःपुरतं सोपं उत्तर शोधलं होतं. शेजारणी विचारायच्या, "सून काय करते व?" तर त्या शांतपणे सांगायच्या, "काम्पुटर खेळते."

माझं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेलं एक टेबल. त्यावर जुना कॉम्प्युटर, तुरीच्या डाळीचा डबा आणि लोणच्याची बरणी, असे तिघं गुण्यागोविंदाने राहायचे. या टेबलावर सासूबाईंचा डोळा होता. "हे टेबल काढ, तिथं शिलाई मशीन बसते बरोबर," असं त्या आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायच्या. बोलायच्या प्रेमाने, पण जागा मात्र दर वेळी वितीने मोजून बघायच्या!

आता गोधडीचं सांगते. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात आणि सासूबाई 'वाकय' म्हणतात. मला गोधडी शिवायला मनापासून आवडतं. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेने सुरुवात करून टाके घालत आत यायचं, डोकं आपोआप शांत होतं. फक्त दोन्ही धंदे एकाच वेळी चालायचे. एका बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं पत्र्याचं टोपण, आणि त्याच बोटाने मी टाइप करायची. टक्! टक्! बाबा आतून ओरडायचे, "कोन दार वाजवते?"

सासूबाईंना माझं दोन्हीकडचं काम पसंत नव्हतं. गोधडीवर त्या म्हणायच्या, "तुया टाक्यातून बैल निघून जाईन, शिंगासकट." आणि स्क्रीनकडे बघून म्हणायच्या, "ह्या बाजूनं सगळं पांढरंच काहून सोडलं? चिंध्या सरल्या का?"

"आई, ती मोकळी जागा मुद्दाम ठेवतात. डोळ्याला बरं वाटतं."

"बाप्पा! थंडीत मोकळी जागा बरी वाटते का कोनाले?"

मी त्या कोपऱ्यात एक फूल टाकायची.

अशात मला पुसदचं काम आलं. पुसदला एक मोठं मंगल कार्यालय होतं, त्याचे मालक राऊत काका. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता लग्नाचे हॉल लोक इंटरनेटवर बघतात. माझं आजवरचं काम म्हणजे एक क्लास, एक फोटो स्टुडिओ आणि नवऱ्याच्या मित्राचं रसवंतीगृह. हे पहिलं खरं मोठं काम. पण काका सावध माणूस होते. फोनवर म्हणाले, "म्याडम, ते इंटरनेटवर टाकायच्या आंधी मले माया डोयानं दाखवा. पसंत पडलं तं ठेवतो, नाही तं नागपूरचा एक पोट्टा हाय, त्याले सांगतो."

नवऱ्याने ही बातमी घरात सांगितली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पाहू. हे जमलं तं टेबल राहू दे, नाही तं मशीन आनू."

म्हणजे राऊत काकांच्या पसंतीवर माझं टेबल टांगलेलं होतं.

काका म्हणाले ती तारीख नेमकी आमच्या वैशालीच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, बाळाच्या बारशाची होती. वैशालीचं सासर पुसदलाच, आणि मंगल कार्यालयापासून दोन गल्ल्या सोडून. मला वाटलं, वा! एका फेरीत दोन कामं. सकाळी वेबसाइट दाखवायची, मग बारशाला जाऊन घुगऱ्या खायच्या. घर आणि धंदा दोन्ही कसं सांभाळावं यावर कुणी मला भाषणाला बोलावलं असतं तर मी त्या आठवड्यात गेले असते, इतकी माझी तयारी होती.

बारशासाठी गोधडी शिवणं चालू होतं. धान्याची खोली कापसाने भरलेली, त्यामुळे गोधडी माझ्या टेबलाखाली अंथरली होती. मी खुर्चीत बसून राऊत काकांच्या हॉलचे फोटो लावायची, सासूबाई खाली माझ्या पायांभोवती टाके घालायच्या. एकदा माझ्या साडीचा काठच गोधडीला शिवला गेला आणि मी चहा करायला उठले तर अख्खी गोधडी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली!

आमच्या घरात गोधडीची एक रीत आहे. बाळाची गोधडी कधी रिकाम्या पोटाने द्यायची नाही. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईने त्यात घरच्या धंद्यातलं काहीतरी बारकं घालायचं, म्हणजे त्या धंद्याची बरकत लेकराला लागते. आमचं घर कापसाचं, म्हणून आत जायची सरकी, कापसाचं बी. माझ्या नवऱ्याच्या गोधडीत सरकी होती, वैशालीच्या गोधडीत सरकी होती. आणि आत काय घातलं ते बारसं होईपर्यंत बोलायचं नाही, असाही नियम.

शेवटच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "रंजना, दोन सरक्या आन व." मी कापसाच्या खोलीत हात घालून दोन सरक्या आणून दिल्या आणि दूध बघायला आत गेले. बाहेरून आवाज आला.

"काय व, तुया त्या वेबसाइटीचं सगळं ह्या करंड्यातल्या बारक्या डबीत हाय म्हनतं ना?"

माझा पेनड्राइव्ह! राऊत काकांची संपूर्ण वेबसाइट मी त्यात भरून ठेवली होती. टोपण केव्हाच हरवलेलं, म्हणून तो कुंकवाच्या जुन्या रिकाम्या करंड्यात ठेवायची.

"हो आई! सगळं त्यातच!"

"अन् ते लय दिवस टिकते?"

"आयुष्यभर टिकतं!"

"पान्यानं खराब होते का?"

"इतक्यात काही होत नाही!"

मी दूध उतरवलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं. तेही एकदम तीन प्रश्न! बाहेर आले तर कोपरा शिवून झाला होता आणि सासूबाई दाताने दोरा तोडत होत्या. मी करंडा तसाच उचलून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही सगळे पुसदला निघालो. दारव्हा, दिग्रस करत गाडी पोचेपर्यंत सासूबाईंनी गोधडी मांडीवरून खाली ठेवली नाही. पुसदला उतरल्यावर मंडळी बारशाच्या घरी गेली आणि मी ताठ मानेने मंगल कार्यालयात.

राऊत काका त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर पुसून वाट पाहत बसले होते. मी बसले. हॉलबद्दल चार चांगलं बोलले. मग रुबाबात पर्समधून करंडा काढला, झाकण उघडलं आणि टेबलावर पालथा केला.

आतून दोन सरक्या पडल्या.

काका वाकून बघत राहिले. "म्याडम, हे काय हाय?"

"सरकी."

"ते दिसते मले, मी बी शेतकऱ्याचाच पोरगा. वेबसाइट कुठी हाय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाईंचा आणखी एक नियम आहे, जिथून वस्तू उचलली ती जागा रिकामी ठेवायची नाही. शेजारणीची वाटीसुद्धा त्या कधी रिकामी परत करत नाहीत. सरक्या इथे, म्हणजे पेनड्राइव्ह तिथे! गोधडीच्या पोटात!

"काका, ती... बाळाकडे आहे."

"कोन्या बाळाकडं?"

"माझ्या नणंदेच्या. आज बारसं आहे. तुम्ही चलाच ना! वेबसाइट बघून होईल आणि घुगऱ्याही खाऊन होतील."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, सरक्यांकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हणाले, "जेवणही आहे." ते उठले आणि चपला घालायला लागले.

घरी गर्दी उसळलेली. पाळणा छताला टांगून सजवलेला, बाळ त्यात पहुडलेलं, आणि बाळाखाली ती गोधडी. मी सासूबाईंना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"आई, माझा पेनड्राइव्ह गोधडीत घातला का तुम्ही?"

"बारसं होईस्तोर सांगायचं नाही."

"आई!"

"टाकला," त्या म्हणाल्या. "मंग काय करू? सरकी टाकनार होती मी. हातात घेतली अन् वाटलं, कायले? तुया नवऱ्याच्या वाकईत सरकी टाकली, वैशालीच्या टाकली. काय भलं झालं? कापूस झोपते खोलीत अन् माह्या घरचे मानसं झोपते बाहेर! ह्या लेकराच्या मांगं मी सरकी नाही लावत. तू घरी बसून काम करतं, पावसाची वाट नाही पाहत, भावाची वाट नाही पाहत. तुया हातचं लागू दे त्याले."

मागे बाबा पाणी प्यायला आले होते. त्यांनी तांब्या तसाच हातात धरला. "म्हंजे मी इतके वर्सं कापूस पिकवला तो..."

"तुमी पानी प्या," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. पण बाहेर राऊत काका खुर्चीत बसून घड्याळ बघत होते आणि माझं टेबल अजून टांगलेलंच होतं!

"आई, पण मला तो आत्ता लागतो. दोन टाके उसवते, काढते, पुन्हा शिवते."

"बारशाच्या दिवशी लेकराच्या वाकईचा टाका उसवत नाही." हा कायदा त्यांनी तिथल्या तिथे केला की जुना होता, मला आजही माहीत नाही. पण माझा चेहरा बघून त्यांचा आवाज जरा उतरला. "न उसवता निंगते का पाह्य."

आणि तो निघाला! कारण तो कोपरा सासूबाईंनी शिवला होता, पण त्याला लागून असलेली कड माझी होती. मी कापडावरून चाचपत पेनड्राइव्ह सरकवत सरकवत माझ्या टाक्यांपाशी आणला, आणि बैल जाईल इतक्या त्या टाक्यांतून त्याने आपलं चपटं तोंड बाहेर काढलं.

"तोंड बाहेर येऊ दे," सासूबाई कानाशी कुजबुजल्या, "आंग आत राहू दे. पोट रिकामं नाही झालं पाह्यजे."

वैशालीचे यजमान सचिनभाऊजी, त्यांच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता. तो मागून आणला. एका बाजूने गोधडीची कड पाळण्याबाहेर ओढली, पेनड्राइव्हचं तोंड लॅपटॉपात घातलं, आणि स्क्रीनवर राऊत काकांचं मंगल कार्यालय झळकलं. मी काकांना खुणेने बोलावलं. ते घुगऱ्यांची प्लेट घेऊन आले.

"हे बघा काका, हे मुख्य पान..."

त्याच क्षणी बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि वैशालीच्या सासूने दोरी ओढली.

पाळणा निघाला. पाळण्याबरोबर गोधडी निघाली. गोधडीबरोबर लॅपटॉप निघाला, आणि लॅपटॉप दोन्ही हातांवर धरलेली मीही निघाले! दोन पावलं तिकडे, दोन पावलं इकडे. काका प्लेट सांभाळत माझ्यामागे. मी तिकडे जाताना 'आमच्या सोयी', इकडे येताना 'फोटो गॅलरी'.

"जरा उभं राहा ना म्याडम, जेवनाच्या हॉलचा फोटो दिसून नाही राह्यला!"

"येते काका, परत येताना दिसेल!"

वैशालीच्या सासूने गाता गाता माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "विहीनबाई, ह्या कायले डोलून राह्यल्या?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आमच्याकडची रीत हाय. मामीनं पाळन्यासंग डोलावं."

"असं व्हय? मंग आत्यानं?"

"आत्यानं बी."

झालं! बाळाच्या दोन आत्या उठल्या आणि माझ्यामागे डोलायला लागल्या. आत्या डोलतात म्हटल्यावर मावशी कशाला मागे राहील? मग शेजारच्या काकू आल्या. सगळ्या एका लयीत, तिकडे आणि इकडे, मध्ये लॅपटॉप घेऊन मी, आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघणारे, आता पुरते लयीत आलेले राऊत काका! पुढच्या खोलीतून आमच्या नवऱ्याने डोकावून हे पाहिलं आणि काही न बोलता परत गेला. (संसारात काही प्रसंगी हा माणूस फार समजूतदार वागतो.)

पाळण्याचं शेवटचं कडवं आलं. मी 'संपर्क' या पानावर पोचले होते. तेवढ्यात बाळाने अंग ताणलं, तोंड वाकडं केलं आणि गोधडी ओली केली. स्क्रीनवरून राऊत काकांचं मंगल कार्यालय नाहीसं झालं.

गाणं थांबलं. पाळणा थांबला. आम्ही सगळ्या थांबलो. सासूबाईंनी पुढे होऊन पेनड्राइव्हचं तोंड लॅपटॉपातून उपसलं, टाक्यांतून आत ढकललं, बाळाला वैशालीच्या हाती दिलं आणि गोधडी उचलून अंगणातल्या दोरीवर वाळत घातली.

मी काकांकडे बघायची हिंमत करत नव्हते. मला माझं टेबल दिसत होतं, त्यावरून उतरणारा कॉम्प्युटर दिसत होता, आणि त्या जागी चढणारी शिलाई मशीन.

काकांनी शेवटची घुगरी तोंडात टाकली, रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "पसंत हाय."

"काय?"

"पसंत हाय म्हनलं. टाका इंटरनेटवर. फक्त ते फोटो असे झुलतेत ना, ते तसंच ठेवजा. लग्नघर वाटते एकदम. त्या नागपूरच्या पोट्ट्याचे फोटो हालतच नाही."

(घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइटची मूळ प्रत होती, म्हणून काम बुडालं नाही. पण पुढचा अख्खा आठवडा मी ते फोटो झुलवण्यात घालवला. रंगसंगतीवर, अक्षरांवर, मोकळ्या जागेवर केलेल्या मेहनतीबद्दल काका आजवर एक अक्षर बोललेले नाहीत.)

काका जेवून, बाळाच्या हातावर आहेर ठेवून गेले. घरात आनंदीआनंद झाला. बाबा चार पाहुण्यांना सांगू लागले, "सून वेबसाइट बनवते आमची," आणि कुणी म्हणजे काय असं विचारलं की झुलून दाखवू लागले. मला अगदी भरून पावल्यासारखं झालं होतं. मी भिंतीला टेकून पाय लांब केले. सचिनभाऊजी लॅपटॉप पुसत शेजारी येऊन बसले. ते शांत आणि सरळ गृहस्थ आहेत.

"वहिनी, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना भाऊजी."

"पेनड्राइव्ह एकदा लॅपटॉपले लागलाच होता, तर सगळं लॅपटॉपमध्ये कॉपी काहून नाही करून घेतलं? मिनिटभराचं काम होतं. मग पेनड्राइव्ह काढून, टेबलावर बसून आरामात दाखवता आलं असतं."

माझं तोंड उघडं राहिलं. मी, इतकी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई! घामाघूम होऊन, लॅपटॉप हातांवर घेऊन, अर्ध्या पुसदला नाचायला लावून...

तेवढ्यात सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ही बाई जावयासमोर कधी मोठ्याने बोललेली नाही. जावयाने भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर मीठच गोड आहे म्हणणारी! त्या ठणकावून म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी घुगऱ्या खा. तिचं काम तिले समजते. ती ज्या पद्धतीनं करते, त्यामांगं काई इचार असते. मी रोज पाह्यतो ना!"

लग्न झाल्यापासून मी हे वाक्य ऐकायला आतुर होते. मी भाऊजींकडे बघून गंभीरपणे मान डोलावली, पदर सारखा केला आणि म्हणाले, "हो, त्यामागे तांत्रिक कारण आहे."